मोकळी लांबी

गुरुवारी भोसरीत यंत्रं झोपतात.
पत्र्यावर साळुंक्या चालतात, त्यांची नखं ऐकू येतात.
मी हिशेबाला बसते.

स्प्रिंगा करते मी. व्हॉल्व्हच्या, क्लचच्या, एकदा तर
शवपेटीच्या झाकणाच्या. ती ऑर्डर परदेशातली,
पैसे आगाऊ आले होते.

स्प्रिंगला एक मोकळी लांबी असते,
तिच्यावर कुणीच नसतं तेव्हाची.
दाबा, सोडा, पुन्हा तेवढीच व्हायला हवी.
पण फार दिवस दाबून ठेवली
तर परत येते थोडी कमी.
आमच्याकडे म्हणतात, सेट बसला.
डोळ्याला दिसत नाही. मापावं लागतं.

डिप्लोमाला तिघं होतो एका लेथवर.
झुबेर अत्तार नैरोबीत. म्हणतो, वीज दिवसातून चारदा जाते,
बंदरात माल कुजतो, कोण कुणाचा मेहुणा हे पाठ लागतं,
पण गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत
खिशात फोन थरथरतो: पैसे आले.
हेरंब श्टुटगार्टजवळ. त्याचं पहिलं वर्ष कागदात गेलं,
टपालाने येणारे, खरेखुरे कागद.
नोटरीने कलमन् कलम मोठ्याने वाचलं,
पोथी वाचावी तसं, फक्त शिरा नव्हता.
बँकेने नाही म्हटलं, गोड न बोलता.
पण बिल गेलं की चौदाव्या दिवशी रक्कम जमा.
आणि त्याचा शेजारी बुडाला होता, तो
तीन वर्षांनी त्याच गल्लीत नवी पाटी लावून बसला;
लोक अजून त्याला नमस्कार करतात.

इथे? नोंदणी आता चहा निवायच्या आत होते,
खोटं कशाला बोलू.
आधार, ओटीपी, झालात उद्योजक.
मग आगीचा दाखला, त्या दाखल्यासाठी दुसरा दाखला,
तो देणारे साहेब ट्रेनिंगला.
मग माल घेणारी मोठी कंपनी. बिलाचा एकशे विसावा दिवस,
आणि पर्चेसवाल्याचा मध घातलेला आवाज:
"मॅडम, सिस्टिममध्ये आहे."

पलीकडे ढोकट्यांच्या शेडला नऊ वर्षं बँकेचं सील.
फटीतून दिसतो कंप्रेसर, एक कॅलेंडर,
खुंटीला जेवणाचा डबा.
बुडायचीही सोय लागते माणसाला.

टिळक रोडच्या सभागृहात दर वर्षी कुणीतरी विचारतं,
मराठी माणूस धंद्यात मागे का?
टाळ्या पडतात. बटाटेवडा असतो.
त्या पर्चेसवाल्याला कुणी काही विचारत नाही.
तार तीच असते हो.
मी तिन्ही गावांची मापून पाहिलेली आहे.

आज सुट्टी असून प्रणोती ठोंबरे आली.
चार वर्षं कॉइलिंग मशीनवर आहे,
वडील महापालिकेच्या बागेत माळी.
चिखलीत गाळा बघितलाय म्हणाली, अर्धा,
दुसऱ्या अर्ध्यात पापडवाले.
कोइमतूरचं जुनं मशीन, मामाचे दीड लाख.
"पहिली ऑर्डर तुम्ही द्याल?"

सांगणार होते सगळं. दाखला, सील, डबा.
तिच्याकडे मापायच्या नजरेने पाहिलं
आणि गप्प राहिले.
कुठेच सेट नव्हता.

ऑर्डरबुक काढलं. पाचशे नग, तार दोन मिलिमीटर,
दर ठरला, तिने घासाघीस केली, बरं वाटलं.
मग खालची ओळ: पैसे किती दिवसांत.
हाताने आपोआप लिहिलं, नव्वद.

अक्षर माझंच होतं.
आवाज कुणाचा, ते ओळखू आलं.

नव्वद खोडलं. पंधरा लिहिलं.
शाई फुटली त्या जागी, आकडा नीट लागत नाही,
म्हणून शेजारी अक्षरांत लिहिलं, सही केली.

ती गेली. साळुंक्या अजून वरती.
पंधरा दिवसांनी हे पैसे कुठून आणायचे,
ते मला माहीत नाही.